डीलर म्हणतो सगळं बदला, वडील म्हणतात काहीच बदलू नका

प्रश्न: उदगीरला आमची डाळ मिल आहे आणि मोंढ्यात आडत दुकान. दोन्हीकडे मिळून नऊ कॉम्प्युटर, मिलमध्ये २०१६ साली घेतलेला सर्व्हर. हिशेब टॅलीवर, आडतीच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे मालाच्या विक्रीचे हिशेब) एका ओळखीच्या माणसानं करून दिलेल्या सॉफ्टवेअरवर. विंडोज १० बंद झालं म्हणून डीलरनं सगळंच बदलण्याचं कोटेशन दिलंय : नऊ 'एआय पीसी', मोठा सर्व्हर, फायरवॉल आणि तीन वर्षांचं क्लाउड, तेही आगाऊ पैसे भरून. नाही केलं तर जीएसटी भरता येणार नाही, एडिट लॉगही सक्तीचा झालाय, असं तो म्हणतो. वडील म्हणतात, चालतंय तोवर चालू द्या. कोणाचं ऐकावं?

उत्तर: दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण मूळ मुद्दा दोघांकडूनही निसटलाय. मशीन जुनं की नवं, हे नंतर बघू. तुमच्या धंद्याचा हिशेब, त्याची लायसन्स आणि पासवर्ड आज कोणाच्या ताब्यात आहेत, आणि या कोटेशनवर सही केल्यावर कोणाच्या ताब्यात जातील, ते आधी बघा. माझ्याकडे कोणत्याही कंपनीची डीलरशिप नाही, कमिशन मी घेत नाही, माझी फी ग्राहक देतो. लातूर-नांदेड पट्ट्यातल्या मिल, आडती, पतसंस्था, शाळा यांची कामं पाहताना जी मोठी नुकसानं डोळ्यांसमोर आली, त्यातली बहुतेक ताबा हातातून गेल्यामुळे झालेली होती. जुन्या मशीनमुळे झालेली त्या मानानं थोडी.

आधी घातलेली भीती बाजूला करू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं आहे. पण सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही, सुरक्षेचे नेहमीचे अपडेट येणं थांबतं. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये चालतं, आणि विंडोज १० वरच्या एज ब्राउझरला ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ असं खुद्द मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. तेव्हा रिटर्न अडकेल ही भीती मनातून काढा. एडिट लॉग म्हणजे हिशेबात कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप राहणारी नोंद. तिचा नियम आहे तो कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी, १ एप्रिल २०२३ पासून. तुमची फर्म प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर तो तुम्हाला लागू नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर लागू आहे, आणि मग ही गोष्ट सीएंकडून पक्की करून घ्या, डीलरकडून नको.

आता वडिलांचं. 'चालतंय तोवर चालू द्या' हे इंटरनेटला न जोडलेल्या मशीनपुरतं ठीक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि हजारो ऑफिसांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. विंडोजमधली जी फट त्यानं वापरली ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघाला होता. ज्यांनी तो टाकला नाही ते सापडले. विंडोज १० मध्ये यापुढे अशी फट सापडली तर तुमच्या मशीनवर अपडेट येणारच नाही. पैसे भरून ते चालू ठेवण्याची सोय आहे, पण व्यवसायासाठी पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. एवढ्यात जवळजवळ नवं मशीन येतं. एखाद्या अडलेल्या मशीनसाठी वर्षभर हा खर्च समजू शकतो, नऊ मशीनसाठी नाही.

तेव्हा बदल करायचा आहे, पण नऊच्या नऊ मशीन फेकायची गरज बहुधा पडणार नाही. प्रत्येक मशीनवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जाऊन प्रोसेसरचं नाव वहीत लिहून काढा. आय३ किंवा आय५ च्या पुढे आकडा असतो. डेस्कटॉपवर तो चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी : ६५०० असेल तर सहावी, ८१०० असेल तर आठवी. पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक, म्हणजे १०४०० ही दहावी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आठव्या पिढीचं मशीन असूनही 'हे मशीन चालणार नाही' असा निरोप पडद्यावर आला तर घाबरू नका. बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावानं सापडेल, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावानं. चालू केलं की काम झालं. मूळ विंडोज १० अस्सल असेल तर ११ चं अपग्रेड फुकट मिळतं, त्यामुळे अशा मशीनपुढे कोटेशनमध्ये विंडोजच्या लायसन्सची वेगळी रक्कम लावली असेल तर ती ओळ खोडून परत पाठवा. आणि काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजनल की' कोणी देऊ केल्या तर घेऊ नका. त्या बहुतेक दुसऱ्या कोणाच्या तरी कंपनी लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि कधीही बाद होतात.

मशीन संथ आहे म्हणून बदलायचं म्हणत असाल तर आधी टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा बघा. सकाळी चालू केल्यावर तो बराच वेळ शंभर टक्क्यांवर अडकून राहत असेल तर दोष प्रोसेसरचा नाही, आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की तेच मशीन टॅलीसाठी आणखी काही वर्षं सहज काम देतं.

'एआय पीसी'बद्दल स्पष्टच सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस' शिक्क्यासाठी मशीनमध्ये सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी वेगळी चिप लागते, निदान १६ जीबी रॅम लागते. व्हिडिओ, आवाज, चित्रं यांचं काम करणाऱ्याला ती उपयोगाची पडेल. व्हाउचर टाकायला, पट्टी छापायला, ई-वे बिल काढायला तिचा काडीचा उपयोग नाही. डाळीतला डागी दाणा आणि खडा वेगळा काढणारं तुमचं सॉर्टेक्स मशीन कॅमेऱ्यावर चालतं, पण त्याचं डोकं त्याच्यातच असतं, ऑफिसच्या पीसीशी त्याचं काही देणंघेणं नाही. डीलर जर म्हणत असेल की रॅम महागलीय, लवकर घ्या, तर इथे तो खरं बोलतोय. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत, कारण कारखान्यांना एआयच्या डेटा सेंटरचं गिऱ्हाईक जास्त पैसे देतं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून जी मशीन खरंच बदलायची आहेत त्यांचा निर्णय लांबवू नका, पण ती तीन असतील तर तीनच घ्या.

तुम्ही पाठवलेल्या यादीत मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही : वजनकाटा. मिलच्या गेटवर गाडीचं वजन होतं तिथलं इंडिकेटर मशीन कॉम्प्युटरला नऊ पिनांच्या जुन्या सीरियल केबलनं जोडलेलं असणार. नव्या मशीनला ते पोर्ट बहुधा नसतं. मग इंजिनिअर शे-दोनशे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर लावून जातो, पंधरा दिवसांनी विंडोजचा अपडेट येतो आणि काट्याचा आकडा पडद्यावर येणं बंद होतं. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये प्रोलिफिक या कंपनीची जुनी किंवा नकली चिप असते, आणि विंडोज ११ वर प्रोलिफिकचा स्वतःचाच ड्रायव्हर त्या चिपांना नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतं, बाहेर ट्रकांची रांग लागते आणि मुनीम हातानं पावत्या लिहायला बसतो. उपाय सोपा आहे : एफटीडीआय या कंपनीची अस्सल चिप असलेला कन्व्हर्टर घ्या, किंवा सीरियल पोर्टचं कार्ड बसेल असं डेस्कटॉप काट्यासाठी निवडा. इंडिकेटरचा बॉड रेट आणि पॅरिटी (काटा आकडे कोणत्या वेगानं आणि कोणत्या पद्धतीनं पाठवतो त्याची सेटिंग्ज) आजच चालू मशीनवरून टिपून ठेवा, कारण जुनं मशीन काढून नेल्यावर ते आकडे कोणाला आठवत नाहीत. तिथला डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही बदलू नका. कार्बन कॉपी निघणारी पावती ड्रायव्हरला हवी असते आणि ती लेझरवर निघत नाही.

काटा कोटेशनमध्ये का नाही? कारण कोटेशन करणारा गेटवर गेलाच नाही, ऑफिसात चहा घेऊन मॉडेल नंबर लिहून गेला. यात मी त्याला फारसा दोषही देत नाही, त्याच्या धंद्याची घडणच तशी झालीय. कॉम्प्युटर विकून त्याला सुटतं ते फार थोडं. खरी कमाई लायसन्सच्या नूतनीकरणात, सबस्क्रिप्शनमध्ये आणि एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, असते. कंपन्या त्याला तिमाहीचं टार्गेट देतात, ते पुरं झालं तर मागाहून स्कीमचे पैसे देतात. म्हणून मार्च अखेर, जून अखेर आली की 'आजच ऑर्डर द्या, उद्या भाव वाढतो' सुरू होतं.

याच्याही आतली एक पद्धत ग्राहकाला सहसा कळत नाही, तिला 'डील रजिस्ट्रेशन' म्हणतात. पहिल्या डीलरनं तुमच्या फर्मचं नाव आणि गरज मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर नोंदवली की त्या सौद्याचा खास भाव त्यालाच मिळतो. मग तुम्ही शहाणपणानं लातूरहून दुसरं आणि हैदराबादहून तिसरं कोटेशन मागवता. त्या दोघांना तेच मॉडेल त्या भावात मिळूच शकत नाही, त्यांचे आकडे वरचे येतात, आणि तुम्हाला वाटतं पहिलाच स्वस्त आहे. तीन कोटेशनं घेतल्याचं समाधान मिळतं, स्पर्धा मात्र झालेलीच नसते. यावर तोड अशी : पहिल्या भेटीत जीएसटी नंबर आणि फर्मचं पूर्ण नाव देऊ नका. काय हवं ते एका कागदावर ब्रँडशिवाय लिहा. प्रोसेसरची पिढी, रॅम, एसएसडी, विंडोज होम की प्रो, आणि वॉरंटी जागेवर येऊन देणार की मशीन दुकानात न्यावं लागणार. मग वेगवेगळ्या डीलरांना वेगवेगळ्या ब्रँडचा भाव मागा. तुम्हाला उदगीरहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये एक चक्कर मारून आलात तरी बाजाराचा अंदाज येतो. पण सर्व्हिस तिथून मिळणार नाही हे धरून चाला. थोडे पैसे जास्त देऊन गावातल्या माणसाकडून घेणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं, फक्त ते पैसे कशाचे हे माहीत असावं.

आता ताब्याकडे येतो. गेल्या बारा-तेरा वर्षांत सॉफ्टवेअर कंपन्यांनी 'एकदा विकत घ्या' कडून 'दरवर्षी भाडं भरा' कडे मोर्चा वळवलाय. अडोबीनं २०१३ मध्ये सीएस६ नंतरच्या फोटोशॉप, इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्त्या कायमच्या न विकता मासिक भाड्यानं द्यायची पद्धत आणली. लातूर-नांदेडचे छापखानेवाले तेव्हापासून तक्रार करताहेत आणि निम्मे अजून जुन्याच आवृत्तीवर आहेत. व्हीएमवेअर ही सर्व्हरचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं विकत घेतली आणि डिसेंबरमध्येच कायमची लायसन्स विकणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टनं ऑफिसच्या सबस्क्रिप्शनमध्ये कोपायलट हा आपला एआय मदतनीस घालून दर वाढवले. कोपायलटशिवायचा जुन्या दराचा 'क्लासिक' प्लॅन उपलब्ध असूनही ग्राहकांना तो नीट सांगितला नाही, असा आरोप करून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. या कंपन्यांची उत्पादनं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. एक्सेलसारखं दुसरं हत्यार मला अजून सापडलेलं नाही. पण तुम्ही अडकलात हे कळल्यावर भाव कोण ठरवणार, हे यातून दिसतं.

टॅलीच्या बाबतीत तुमची बाजू तुलनेनं मजबूत आहे. तिचं कायमचं लायसन्स घेतलेलं असेल तर टीएसएस, म्हणजे अपडेटची वार्षिक वर्गणी, भरली नाही तरी हातातली आवृत्ती चालत राहते. नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी तेवढ्या थांबतात. जीएसटीच्या बदलांसाठी नव्या आवृत्त्या लागतात, म्हणून टीएसएस भरावीच असं माझं मत आहे, पण ती तुम्ही समजून-उमजून भरता, सक्तीनं नाही. मात्र लायसन्स कोणत्या ईमेलवर नोंदलंय ते आज संध्याकाळीच तपासा. गावोगावी मी पाहतो, लायसन्स डीलरच्या ईमेलवर असतं, नाहीतर चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या. वेबसाइटच्या डोमेनचंही तेच. पैसे मालकानं भरलेले, नाव वेबसाइट करणाऱ्याचं. भांडण झालं किंवा तो माणूस पुण्याला निघून गेला की मालक स्वतःच्याच दारात परका होतो. सर्व्हर बदलताना टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करावं, म्हणजे सोडवून घ्यावं, लागतं, तेव्हा हा ईमेल आणि पासवर्ड हातात असलाच पाहिजे.

आडतीचं सॉफ्टवेअर ही तुमची सगळ्यात नाजूक जागा आहे, आणि डीलरनं तिला हातही लावलेला नाही. आपल्याकडच्या मोंढ्यांमध्ये अशी जुनी सॉफ्टवेअर बरीचशी फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमवर लिहिलेली आहेत. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, तिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१५ मध्ये संपवला. विंडोज ११ वर ती बहुधा चालेलही, पण लिहिणारा माणूस उद्या नसला तर काय? सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये डीबीएफ नावाच्या फाइली दिसतात का बघा. दिसल्या तर त्यांची एक प्रत दुसऱ्या मशीनवर नेऊन लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडा, ते फुकट आहे. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई असे रकाने समोर आले तर डेटा तुमचा आहे, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये तो नेता येईल. आकडे नीट दिसताहेत पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ आहे, असं झालं तर नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलीत, युनिकोडमध्ये (मराठी अक्षरं सगळ्या मशीनवर सारखीच दिसतील अशा पद्धतीत) नाहीत. कोणता फॉन्ट ते त्या माणसाला आत्ताच विचारून लिहून ठेवा. श्रीलिपी की आयएसएम, एवढं कळलं तर कन्व्हर्टरनं नावं युनिकोडमध्ये आणता येतात. हे न कळता पाच हजार खातेदारांची नावं हातानं पुन्हा टाकायची वेळ आली तर एक अख्खा हंगाम जाईल. फाइली उघडल्याच नाहीत, पासवर्ड मागितला, तर त्या माणसाला घरी बोलवा, मानधन द्या आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घ्या. कोटेशनमधल्या कोणत्याही ओळीपेक्षा हे काम आधीचं.

क्लाउडला माझा विरोध नाही. शहरात शाखा असतील, सीए लातूरला बसून खाती बघत असतील, तर सोय आहेच. पण तुम्हाला देऊ केलंय ते 'टॅली क्लाउडवर' म्हणजे कोणाच्या तरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर तुमची टॅली ठेवणं. गेटवरचा काटा आणि मोंढ्यातला सौदा इंटरनेटच्या भरवशावर ठेवू नका. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी फायबर तोडतो आणि जोडणी कधी दोन दिवसांनी मिळते. शिवाय डेटा मोठ्या कंपनीकडे आहे म्हणून तो सुरक्षित, हे गृहीत धरू नका. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं खासगी क्लाउड गूगलच्याच सेटिंगमधल्या चुकीमुळे पुसलं गेलं. फंड सावरला तो वेगळा बॅकअप ठेवलेला होता म्हणून. आपल्याकडे जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला. ती सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देते. खबरदारी म्हणून यूपीआयसारखं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या जवळपास तीनशे छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. हल्ला त्या बँकांवर झालेलाच नव्हता, पण खिडकीवर खातेदाराला उत्तर त्यांनाच द्यावं लागलं. क्लाउड घ्यायचंच असेल तर महिन्याच्या बिलावर घ्या, फार तर वर्षाच्या. तीन वर्षांचे आगाऊ पैसे भरल्यावर तुमच्या फोनला कोण किती लवकर उत्तर देतं ते बदलतं. आणि करारात एक वाक्य घालून घ्या : सेवा सोडल्यावर किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात, किती पैशांत डेटा परत मिळेल. हे वाक्य लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडे डेटा ठेवू नका.

सर्व्हर तुम्हाला सुचवलाय तेवढा मोठा लागत नाही. नऊ मशीन आहेत. विंडोज ११ प्रो असलेल्या मशीनवरून एका वेळी वीस मशीनपर्यंत फाइली शेअर करता येतात, त्यासाठी विंडोज सर्व्हर आणि प्रत्येक मशीनचं वेगळं प्रवेश-लायसन्स घ्यावंच असं नाही. चांगलं टॉवर मशीन, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या दोन एसएसडी आणि भरवशाचा यूपीएस एवढ्यावर तुमचं काम होईल. वाचलेले पैसे विजेवर घाला. मी हे आग्रहानं सांगतो, कारण मिलमधली मशीन विंडोजमुळे नाही, विजेनं आणि धुळीनं मरतात. डाळ भरडायची मोठी मोटर सुरू होते तेव्हा त्या लाइनवरचं व्होल्टेज खाली बसतं, कॉम्प्युटर त्याच फेजवर असेल तर रोज दहा वेळा हा धक्का खातो. ऑफिसची फेज वेगळी करून घ्या. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग दुरुस्त करा. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ओल खाली जाते, अर्थिंगच्या पत्र्याभोवतीची माती सुटते. फेब्रुवारीत ठीक दिसलेलं अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरतं, म्हणून ते मे महिन्यातच मोजा आणि खड्ड्यात पाणी घालत राहा. चुनी आणि भुशाची बारीक धूळ पॉवर सप्लायच्या पंख्यात जाऊन बसते, बाहेर ४२ अंश तापमान असताना आतली हवा फिरत नाही आणि प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग 'कॉम्प्युटर स्लो झाला' म्हणून नवं कोटेशन येतं. महिन्यातून एकदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, मशीन बंद करून आणि पंखा बोटानं धरून.

बॅकअपबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि केलेलं नसतं. सर्व्हरच्या मागे कायम लटकणारा पेन ड्राइव्ह रॅन्समवेअरच्या हल्ल्यात सर्व्हरबरोबरच कुलूपबंद होतो. दोन पोर्टेबल डिस्क घ्या, एक मिलमध्ये, एक घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल करा. शिवाय एक प्रत इंटरनेटवर. टॅली बंद करूनच कॉपी घ्या. 'बॅकअप सक्सेसफुल' या संदेशावर विसंबू नका, कारण आवृत्ती बदलली की डेटाचं फोल्डर बदलतं आणि जुन्या रिकाम्या फोल्डरचाच बॅकअप इमानेइतबारे होत राहतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून कालची शेवटची पट्टी उघडते का ते स्वतः बघा. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइट साठा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. तो देश सॅमसंगचा आहे.

फायरवॉलची, म्हणजे इंटरनेटवरून होणारी घुसखोरी अडवणारी, पेटी नऊ मशीनला आत्ता गरजेची नाही. तिचं वार्षिक लायसन्स संपल्यावर ती बहुतेक ठिकाणी नुसती पडून राहते. राऊटरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला, घरून काम करण्यासाठी कोणी रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट थेट बाहेर उघडून ठेवलं असेल तर ते आजच बंद करा, सगळ्या ईमेलना दुहेरी पडताळणी लावा. मुनीम ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार करतो त्यावर व्हॉट्सअॅपवरच्या फाइली उघडू नयेत, एवढी शिस्त घाला.

एएमसी गावातल्या माणसाला द्या, पण करार एक पानाचा का होईना, लेखी करा. सगळे अॅडमिन पासवर्ड तुमच्याकडे लेखी असतील, त्यानं बदलले तर त्याच दिवशी कळवेल, आणि सोयाबीनच्या आवकेत म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किती तासांत येईल, हे त्यात हवं. बदल करायला एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झाल्यानंतरचा काळ बरा. तुरीची गर्दी ओसरलेली असते, सोयाबीनला वेळ असतो. सगळी मशीन एका दिवशी बदलू नका. पहिलं मोंढ्यातल्या दुकानातलं एक बदला आणि पंधरा दिवस त्यावर पट्ट्या काढा. त्यात अडचण आली नाही तर मग मिलचं ऑफिस. काट्याचं मशीन सगळ्यात शेवटी, आणि जुनं मशीन तिथेच टेबलाखाली जोडणीसकट निदान एक हंगाम राहू द्या.